पंख्यासाठी वर केलेला हात

जपूनरावांनी हात वर केला तो पंख्यासाठी. हे आधीच स्पष्ट झालेलं बरं, कारण पुढे या हाताविषयी सोसायटीत बरंच बोललं गेलं आणि त्यातलं बहुतेक कौतुकाचं होतं.

सभेच्या खोलीतला पंखा डुगडुगत होता आणि त्याच्या बरोबर खाली तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाई बसल्या होत्या. जपूनरावांचं सभेकडे लक्षच नव्हतं. तो पंखा निसटला तर आधी वकीलबाईंच्या कोणत्या खांद्यावर येईल, याचा ते मनाशी अंदाज घेत होते. तेवढ्यात पात्यांनी मोठा आवाज केला आणि "अहो, पंखा!" म्हणायला त्यांचा हात वर गेला. शब्द मात्र त्या आवाजात बुडाले. नेमकं त्याच वेळी अध्यक्षांनी, म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी, सभेला विचारलं होतं, "मग मोठ्या बाईंना खाली उतरवायची जबाबदारी कोण घेतंय?"

टाळ्या पडल्या. वकीलबाईंनी तर उठून पाठ थोपटली. या सोसायटीत वर गेलेला हात खाली घेता येत नाही, असा नियम आहे. पूर्वी फाटक रंगवायच्या कामात सगळ्यांनी हात वर करून नंतर खाली घेतले होते, फाटक अजूनही अर्धं हिरवं आहे, आणि तेव्हापासून हा नियम फार कडक पाळला जातो. "पंख्यासाठी होता हो तो हात," असं जपूनराव दोनदा म्हणाले. लोकांना तो विनय वाटला.

त्यांचं खरं नाव सोसायटीत कुणाला आठवत नसे. ते विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात होते. लोक कसकसे पडले, कुठे आपटले, कशात अडकले, हे दिवसभर वाचायचं आणि संध्याकाळी घरी यायचं, असा त्यांचा बरीच वर्षं क्रम होता. साहजिकच जगातला प्रत्येक जिना त्यांना वळणावर ओला दिसे. भेटेल त्याला ते "जपून!" म्हणत. दुधाची पिशवी घेऊन जाणाऱ्याला, सायकल पुसणाऱ्याला, एकदा तर स्वस्थ झोपलेल्या वॉचमनलासुद्धा. मग नाव पडलं ते पडलंच.

आता मोठ्या बाईंचं सांगायला हवं. बाई पाचव्या मजल्यावर एकट्या राहत. त्या एका शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि निवृत्त झाल्या तरी त्यांच्या आवाजाला कुणी ते कळवलं नव्हतं. कमरेचं हाड मोडून नीट जुळलं नव्हतं, त्यामुळे घरात काठी टेकत चालता येई, पण जिना उतरणं अशक्य. एक डोळा आधीच गेलेला. दुसरा वाचवायचा तर येत्या गुरुवारी शस्त्रक्रिया व्हायला हवी होती. ती करणारे सर्जन बाहेरून क्वचित येत, आणि पुढच्या खेपेपर्यंत हा डोळा थांबणार नाही, असं रुग्णालयाने स्वच्छ सांगितलं होतं. आणि लिफ्ट बंद पडली होती.

त्या संध्याकाळी जपूनराव घरी आले तेच भिंतीला धरून.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"मला पुढारी केलंय."

"अग बाई! कुणी?"

"पंख्याने."

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ते फोनला बसले. लिफ्ट कंपनीतली मुलगी अतिशय गोड बोलली. तक्रार पोचली होती, भाग मागवला होता, भाग जहाजात होता. जहाज कुठे होतं ते मात्र त्यांच्या विभागाकडे नव्हतं. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी विचारलं, "पेशंटला काय होतंय?" जपूनराव खरं बोलणारे. म्हणाले, "काही नाही, तशा ठणठणीत आहेत." "मग आम्ही कशाला येऊ?" म्हणून फोन ठेवला गेला. अग्निशमन दलाने त्याहून शिस्तीत चौकशी केली.

"आग लागली आहे का?"

"नाही."

"लिफ्टमध्ये कोणी अडकलंय का?"

"नाही. लिफ्टच्या बाहेर अडकल्यात."

पलीकडच्या माणसाने तेही लिहून घेतलं. मग म्हणाला, "साहेब, बाहेर तर आम्ही सगळेच आहोत."

म्हणजे बाईंना खुर्चीत बसवून माणसांनीच उतरवायचं होतं. सल्ल्यांना तोटा नव्हता. समोरच्या बिल्डिंगमधल्या एकाने गच्चीवरून दोर सोडायला सांगितलं. त्याच्या साडूचं कपाट असंच उतरवलं होतं. "कसं आहे आता कपाट?" जपूनरावांनी विचारलं. "कपाट नाही राहिलं," तो म्हणाला, "पण दोर अजून तसाच आहे. देऊ का?" जपूनरावांनी दोन्ही हात जोडले.

गंमत अशी की सुरुवातीला माणसं हवी तेवढी मिळाली. दुसऱ्या मजल्यावरचा जिमवाला, ज्याचे दंड बाहीत मावत नसत, तो म्हणाला, "काका, बाई म्हणजे माझ्यासाठी वॉर्मअप." दातांच्या डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यातली हातांची भक्कम खुर्ची देऊ केली. वकीलबाई स्वतः तयार झाल्या. चौथ्या मजल्यावरचा रेडिओवर बातम्या सांगणारा गृहस्थ, जो एरवी शेजाऱ्यांना फक्त आवाजाने माहीत होता, तोही "येतो" म्हणाला. दुसरा कोणी असता तर एवढ्यावर निर्धास्त झोपला असता. पण जपूनरावांना माणसं जमली तसतशी जास्तच भीती वाटू लागली. एवढे लोक, म्हणजे एवढे पाय, आणि एवढे पाय म्हणजे घसरायला केवढी जागा!

पुढाऱ्याने घाबरलेलं दिसू नये, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. म्हणून ते ओरडू लागले. पहाटेच ग्रुपवर त्यांचे हुकूम पडत: रबरी तळव्याच्या चपला घालाव्यात, जिना कोणीही धुवू नये, गुरुवारपर्यंत केळी आणू नयेत. बातम्यावाल्याने विचारलं, "संत्री चालतील का?" त्यावर जपूनरावांनी त्याला शिस्तीवर एवढा मोठा संदेश लिहिला की तो ग्रुपमधून बाहेर पडला. मग त्यांनी "सुरक्षेविषयी दोन शब्द" म्हणून सगळ्यांना खाली जमवलं आणि कार्यालयात वाचलेले पडण्याचे निवडक प्रकार ऐकवले. खुर्ची उलटते ती कशी, पाठीचा मणका दुखावतो तो कुठे, मागच्या माणसाचं बोट कठड्यात सापडतं ते कसं. ऐकणारे पांढरे पडले. कोपऱ्यात उभे असलेले दोघे-तिघे, जे आपणहून "आम्हीही येऊ का" विचारायला आले होते, त्यांनी न विचारताच काढता पाय घेतला.

"अहो, तुम्ही त्यांना बोलावताय की हाकलताय?" बायको म्हणाली.

"मी त्यांना तयार करतोय."

"कशाला? पळायला?"

हल्ली घरातही जपूनराव नोटीस वाचल्यासारखं बोलत आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसत. बायकोला ठाऊक होतं की आत अंघोळ चालत नाही. माणूस आत नुसता कापत बसतो.

मंगळवारी रंगीत तालीम ठरली. बाईंच्या जागी वकीलबाईंची कायद्याची पुस्तकं खुर्चीला बांधली. जिमवाल्याने वरची बाजू धरली, कारण त्याला वाकता येत नव्हतं. खालच्या बाजूला एकीकडे डॉक्टर, एकीकडे जपूनराव. वकीलबाई पुढे वाट मोकळी करत. वरचा मजला छान पार पडला. चौथ्या मजल्याचं वळण आलं. खरं तर तिथेही काही होत नव्हतं. जिमवाला पाय जपून टाकत होता, डॉक्टर श्वास धरून होते. पण जपूनरावांना त्या वळणावर आपण वाचलेले सगळे दावे एकदम दिसले आणि ते जीव खाऊन ओरडले, "जपून!"

ती हाक एवढी भयानक होती की जिमवाला दचकला आणि त्याने हात सोडले. मग जे व्हायचं ते झालं. पुरावा कायदा, करार कायदा आणि मालमत्ता हस्तांतरण एकमेकांच्या अंगावरून तिसऱ्या मजल्यापर्यंत गेले. खुर्चीचा पाय मोडला. डॉक्टरांच्या अंगठ्यावर दंडसंहिता आली, दोन्ही खंड. धूळ बसल्यावर सगळे जपूनरावांकडे बघत होते, आणि जपूनराव आपल्या हातांकडे. ते हात थरथरत होते आणि थांबायला तयार नव्हते. त्यांनी ते पटकन खिशात घातले आणि म्हणाले, "मी सांगत होतो ना? कुणी ऐकेल तर शपथ! तुम्हा लोकांना जबाबदारी म्हणजे काय ते कळतच नाही!"

झालं. बुधवारी सकाळी डॉक्टरांनी अंगठ्याला पट्टी बांधून कळवलं की त्यांचं पोट हातावर आहे आणि ते हात धोक्यात घालू शकत नाहीत. जिमवाल्याने गुरुवारी त्याचा पायांच्या व्यायामाचा दिवस असतो असं सांगितलं. वकीलबाईंनी दार उघडलं, "दायित्वाचा प्रश्न आहे" एवढं म्हणाल्या आणि दार लावलं. जपूनराव जिन्यात उभे राहिले. उद्या गुरुवार, सोबत कुणी नाही, खुर्ची तीन पायांची, आणि वर एक बाई ठेवणीतले कपडे कपाटातून काढून बसलेली. तरी बाईंना सांगायला वर जाणं भागच होतं.

दार उघडंच होतं. बाई खिडकीशी होत्या, पण पाहत नव्हत्या. त्या खिडकीत त्यांना आता फक्त उजेड कळे.

"या. मी तुमची पावलं ओळखली," त्या म्हणाल्या. "दर पायरीवर दोन्ही पाय ठेवणारं दुसरं कोण आहे इथे?"

"बाई, उद्याचं जरा..."

"उद्याचं मी रद्द केलंय मनातून. मला नाही यायचं." बाईंचा आवाज नेहमीसारखा खणखणीत होता, फक्त शेवटाला चिरला. "मी काल सगळं ऐकलं. मला दिसत नाही, ऐकू येतं. तुम्ही ओरडलात आणि मग ते सगळं गडगडत गेलं. त्यात मी असते. नको हो. आंधळं होऊन घरात बसेन, पण त्या जिन्यावरून नाही जाणार."

आपल्या बोलण्याने जिमवाला पळाला, डॉक्टर पळाले, ते एक वेळ ठीक. पण आपली भीती पाच मजले चढून इथवर आली आणि या बाईंच्या डोळ्यावर बसली, हे जपूनरावांना सोसेना. ते काहीतरी ततपप करत बाहेर आले आणि चौथ्या मजल्याच्या त्याच वळणावर पोचले. ते पायरीवर बसले आणि चक्क रडू लागले.

व्यायामासाठी गच्चीकडे धावत गेलेला जिमवाला वरून धावतच खाली येत होता. तो त्यांच्या अंगावरच पडायचा, कसाबसा थांबला.

"काका? लागलं का कुठे?"

"मला भीती वाटते," जपूनराव म्हणाले. एवढ्या दिवसांत हे वाक्य ते पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होते. "मीच पाडेन बाईंना. माझे हात बघ. तुम्ही कुणी चुकला नव्हतात काल. मी ओरडलो म्हणून सुटली खुर्ची. आणि वर तुम्हालाच बोललो."

जिमवाला त्यांच्याशेजारी बसला. दोघांना पायरी पुरत नव्हती. "मलाही वाटते," तो हळूच म्हणाला. "वजन पडलं तर लादी फुटते. नवी बसवता येते. मी जिवंत माणूस कधी उचललाच नाही काका. आणि तुम्ही तो मणक्याचा प्रकार सांगितल्यापासून मी स्वतःच्या आईलाही हात धरून उठवत नाही."

एवढ्यात डॉक्टर पट्टीचा अंगठा सांभाळत वर आले. ते मोडकी खुर्ची न्यायला आले होते. या दोघांना पाहून तेही टेकले आणि म्हणाले की अंगठा हे निमित्त आहे, खरं म्हणजे जिना उतरताना त्यांना लहानपणापासून गरगरतं, म्हणून तर पहिल्या मजल्यावर दवाखाना थाटला. बोलणी ऐकून वकीलबाईंनी खालून विचारलं, "काय चाललंय?" त्यांना सांगितल्यावर त्या वर आल्या आणि म्हणाल्या, "मला तर त्या सभेतल्या पंख्याची भीती वाटते. पण बोलायचं कसं, म्हणून मी दर वेळी त्याच्याचखाली बसते." जपूनरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं कुणी हरवलेल्या भावंडाकडे पाहावं.

मग कुणी ठरवलं नाही, पण चौघेही उठून वर गेले.

"किती जण आहात?" बाईंनी विचारलं. "आणि कशाला आलात? मी नाही म्हटलंय."

"बाई," जपूनराव म्हणाले, "आम्हाला सगळ्यांना भीती वाटते. एवढंच सांगायला आलो."

बाई खुर्चीत सरळ बसल्या. मग त्यांच्यातली मुख्याध्यापिका जागी झाली. "ज्यांना ज्यांना भीती वाटते त्यांनी हात वर करा."

चौघांनी हात वर केले. जपूनरावांचा सगळ्यात आधी गेला, आणि या वेळी तो पंख्यासाठी नव्हता.

"केलेत का? मला दिसत नाही. तोंडाने सांगा."

"हो बाई," चौघे एका सुरात म्हणाले.

"बरं झालं," बाई म्हणाल्या आणि खुर्चीत मागे टेकल्या. "मला वाटत होतं मी एकटीच आहे."

गुरुवारी सकाळी बाईंच्या स्वतःच्या खुर्चीतून निघणं झालं. नियम बाईंचे होते. एक, कुणीही "जपून" म्हणायचं नाही. दोन, सगळ्यांनी मोठ्याने पाढे म्हणायचे, म्हणजे भलते विचार येणार नाहीत आणि पावलं एका ठेक्यात पडतील. तीन, जपूनरावांनी खुर्चीला हात लावायचा नाही. त्यांनी पुढे चालायचं, वळून बघायचं नाही, दर पायरीवर दोन्ही पाय वाजवून ठेवायचे. "एवढं घाबरून कुणी जिना उतरत नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही जिथे पाय ठेवाल तिथे धोका नसणारच. मी तेवढं ऐकत येते." खाली एका बाजूला वकीलबाई लागल्या, दुसऱ्या बाजूला, पायरीकडे अजिबात न बघता, डॉक्टर.

जपूनराव पुढे झाले. पाठीमागे एक जिवंत माणूस हवेत होता आणि त्यांना वळून बघायलाही बंदी होती. त्यांचा सदरा पाठीला चिकटला. दातांवर दात घट्ट दाबून, तोंडात आलेला तो एक शब्द गिळत, ते पाय वाजवत राहिले. धप्प, धप्प. मागे तेराचा पाढा चालला होता. वळण आलं. आणि नेमका तिथेच जिमवाला अडला.

"तेर सक... तेर सक..."

"थांबा!" बाई गरजल्या. "पुढे कुणी जायचं नाही. तेर सक किती?"

खुर्ची वळणावर अधांतरी. डॉक्टर हिरवे पडलेले, जिमवाला घामाघूम. जपूनरावांना वाटलं, झालं, आता संपलं सगळं. तोच बाजूचं दार उघडलं आणि साऱ्यांना ओळखीचा, बातम्यांचा भारदस्त आवाज आला. "तेर सक अठ्ठ्याहत्तर. हे काय, सगळे पडलात का?"

"अजून नाही," जपूनराव न वळता म्हणाले, "पण मला फार भीती वाटते हो. जरा हात लावता का?"

बातम्यावाल्याने वर्तमानपत्र तिथेच टाकलं आणि डॉक्टरांच्या बाजूचा खुर्चीचा पाय धरला. तिसऱ्या मजल्यावर पाढ्यांचा गोंगाट ऐकून आणखी दारं उघडली. त्या दिवशी कोपऱ्यातून सटकलेलेही बाहेर आले. कुणी कठड्याच्या बाजूने हात आडवे धरून उभे राहिले, कुणी मागून जिमवाल्याच्या कमरेला धरलं. कुणालाच बोलावणं गेलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर जिमवाल्याची आई दारात उभी होती आणि मुलगा चुकेल तिथे आकडे सांगत होती. खाली पोचेपर्यंत एकोणीसचा पाढा चालला होता आणि एवढे लोक तो म्हणत होते की रस्त्यावरचे थांबून बघू लागले.

बाई गाडीत बसल्या. जपूनराव फाटकाला, त्याच्या हिरव्या भागाला, टेकून उभे राहिले आणि मगच त्यांच्या लक्षात आलं की ऑपरेशननंतर बाईंना परत वरही न्यायचं आहे. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

संध्याकाळी गाडी परत आली. बाईंच्या डोळ्याला पट्टी होती, त्या गुंगीत होत्या आणि मान हलवायची नव्हती. वर जाणं उतरण्याहून कितीतरी अवघड. जपूनराव जिन्याखाली एकटे उभे होते. पूर्वीचे असते तर त्यांनी हुकूम सोडले असते. पण आता त्यांच्यापाशी एकच गोष्ट उरली होती. त्यांनी वर तोंड करून, जिन्याच्या त्या उंच पोकळीत, हाक दिली:

"अहो, मला भीती वाटते!"

मग वरून कुठूनतरी आवाज आला, "आम्हालाही! थांबा, आलो!" आणि मजल्यामजल्यावरची दारं उघडल्याचे आवाज येऊ लागले, चपलांचे आणि पळत्या पावलांचे. जपूनरावांचे ओठ "जपून" म्हणायला उघडले होते, ते त्यांनी मिटून घेतले.

पट्टी सुटली त्या दिवशी बाईंनी त्यांना बोलावून घेतलं. खिडकीतल्या उजेडात जपूनराव त्यांच्यासमोर उभे राहिले. डोळा वाचला की नाही हे त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. बाई त्यांच्याकडे बघत होत्या, की नुसत्या त्या दिशेला तोंड करून बसल्या होत्या, काही कळत नव्हतं.

"हात वर करा," बाई म्हणाल्या.

जपूनरावांनी हात वर केला.

बाईंनी डोळे बारीक केले, पुढे झुकल्या, आणि बराच वेळ त्या हाताकडे पाहत राहिल्या.

"अजून कापतोय," त्या म्हणाल्या.